नोव्हेंबरची वही

हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे गेली की माझं डोकं फिरतं. गेल्या रविवारी गेली. दुपारी चारलाच स्वयंपाकघरात दिवा लावावा लागला, शेजारच्या मेपलची पानं आमच्या ओल्या फरशीवर चिकटून बसली, आणि ट्रॅम उशिरा, कारण काय तर रुळांवर पाला. एवढ्या मोठ्या देशाची गाडी पाला अडवतो, हे मला मँचेस्टरमध्ये तीस वर्षं राहूनही पटलेलं नाही.

यंदा त्यात भर म्हणून डायनिंग टेबलावर एक वही येऊन बसली आहे. चांगली दोन बोटं जाड, हिरव्या कापडी पाठीची, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली. ब्रीडानं स्वतः आणून दिली. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत होते तेव्हा ब्रीडा वॉर्डची सिस्टर होती. औषधांच्या चार्टवरून आम्ही पंधरा वर्षं भांडलो आणि त्यातून मैत्री झाली. दारातच उभी राहून ती म्हणाली, "कॉनच्या डोळ्यांचं काही खरं नाही आता. मधलं दिसतच नाही, नुसत्या कडा दिसतात. यंदा नावं तू वाचायचीस म्हणतोय."

"मी का? तुमच्या सेंटरमधली सगळी आयरिश माणसं संपली का?"

"तू का, ते तुला माहितीय," ती म्हणाली, आणि चहाला न थांबता गेली.

माहितीय. म्हणून तर दोन दिवस अभ्रा सोडलेला नाही.

चार वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर असाच ओला होता. मी सप्टेंबरात रिटायर झाले आणि त्याच महिन्यात अनिलच्या हृदयाची झडप अरुंद झाल्याचं निघालं. अनिल माझा नवरा. जन्मभर भूलतज्ज्ञ म्हणून लोकांचे श्वास मोजले, आणि आता जिन्याच्या सहाव्या पायरीवर स्वतः थांबायचा. थांबून भिंतीवरचा सईचा शाळेतला फोटो बघतोय असं दाखवायचा. रोज तोच फोटो. झडप बदलायची ठरली, वेटिंग लिस्टवर नाव लागलं, आणि आम्ही पत्राची वाट बघायला लागलो. पोस्टमन साडेअकराला येतो. साडेअकरापर्यंत मी कुठल्याही कामात हात घालत नसे.

"घरी बसून त्याचे श्वास मोजत बसू नकोस," ब्रीडानं बजावलं आणि मला गुरुवारी आयरिश सेंटरवर ओढून नेलं. तोपर्यंत ती इमारत मला ट्रॅममधून दिसायची तेवढीच. लाल विटांची, पुढे कार पार्क, दारावर हार्पचं, म्हणजे आयरिश वीणेचं, चित्र. आत गेलं की पहिला वास उकडलेल्या कोबीचा, मग ओल्या कोटांचा. गुरुवारी दुपारी तीनला म्हाताऱ्यांचं जेवण असायचं. बायका चहाच्या काउंटरमागे, बाप्ये पत्त्यांवर. साडेतीनला शाळा सुटली की वरच्या मजल्यावर पोरींचा डान्स क्लास सुरू व्हायचा आणि त्यांच्या टणक बुटांनी आमच्या डोक्यावरचं छत थडथडायचं. पहिल्या दिवशी मी घाबरून वर पाहिलं. बाकी कोणाची नजरसुद्धा हलली नाही, सगळे शांतपणे बटाटे खात होते.

मला त्या थडथडाटाचं व्यसन लागलं. एकसारखा, न चुकणारा ठेका. घरी अनिलचा ठेका चुकायचा.

हॅलोविनच्या आदल्या गुरुवारी आम्ही टर्निप, म्हणजे सलगम, कोरून दिवे करायला बसलो. भोपळा नाही हं, भोपळा म्हणे अमेरिकन लाड. यांच्या गावाकडे टर्निपच. तो इतका कठीण की मनगट भरून येतं. माझ्या शेजारी कॉन बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, हाताचे तळवे फावड्याएवढे. मँचेस्टरच्या निम्म्या रस्त्यांखालचे पाइप आपण टाकलेत असं सांगायचे आणि त्यात बढाई वाटायची नाही. त्यांनी टर्निपला दोन डोळे असे काढले की बघत राहावं. माझ्या टर्निपला पाहून म्हणाले, "मिसेस जोशी, याला दातदुखी झालीय."

मग बेदाणे घातलेला गोड पाव आला. त्यात वस्तू लपवून भाजतात आणि ज्याच्या तुकड्यात जे निघेल ते त्याचं वर्षाचं भविष्य. अंगठी निघाली तर लग्न. ती चौऱ्याहत्तर वर्षांच्या ब्रीडाला निघाली आणि बायकांनी तिची पार टर उडवली. माझ्या तुकड्यात काडी निघाली. काउंटरमागच्या बाईनं हळूच सांगितलं की काडी म्हणजे संसारात दुःख. मी हसून म्हटलं, आमच्याकडे घटस्फोटाला काडीमोड म्हणतात, त्याची वेळ आता टळून गेली. सगळे हसले. ती काडी मी पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये टाकली. टाकून का दिली नाही, कोण जाणे. ट्रॅममध्ये दोनदा पर्स उघडून पाहिली.

मी देव मानते, पण सोयीपुरता. सायन्स शिकलेली बाई आहे, औषधाचा डोस मिलिग्रॅममध्ये मोजलेला. पण वेटिंग लिस्ट हा प्रकार असा आहे की माणूस जे सापडेल त्याला हात जोडतो. पुण्यात होतो तेव्हा घरात कोणी आजारी पडलं की माझी आई शंकराच्या देवळात अभिषेकाला नाव देऊन यायची. गुरुजी विचारायचे, नाव? गोत्र? आई सांगायची, ते कागदावर लिहून घ्यायचे, आणि सोमवारी संकल्पात ते नाव मोठ्यांदा घेतलं जायचं. ताप बहुतेक शनिवारीच उतरलेला असायचा. तरी सोमवारी नाव ऐकलं की आईचा चेहरा सैल व्हायचा. मला तिचा तो चेहरा आठवतो.

त्या वर्षी दिवाळी अशी केलीच नाही. चार करंज्या तळल्या आणि त्या सेंटरवर नेल्या. नोव्हेंबरचा पहिला गुरुवार. चहाच्या काउंटरजवळ एक लाकडी पेटी ठेवली होती, शेजारी कोऱ्या चिठ्ठ्या आणि दोरीला बांधलेलं पेन. चिठ्ठीवर नुसतं छापलेलं: नाव. ब्रीडा करंज्या मांडता मांडता म्हणाली, "तुला कोणाचं नाव घालायचं तर घाल. कॉन वहीत लिहितो. मग शेवटच्या शुक्रवारी सगळी नावं मोठ्यांदा वाचतात आणि प्रार्थना करतात."

अजून काय हवं होतं मला? माझ्या पुढची बाई चिठ्ठी टाकून डोळे पुसत गेली. तिच्याआधीच्यानं तर तीन चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मी मनात म्हटलं, अरे देवा, एवढी आजारी माणसं. आणि पेन घेऊन वळणदार अक्षरात लिहिलं: अनिल. थोडं थांबले. मग आईच्या सवयीनं पुढे गोत्र लिहिलं: कौशिक. चिठ्ठीची घडी घातली, पेटीत टाकली, आणि महिनाभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं. घरी येऊन पोळ्या लाटताना गुणगुणत होते.

पत्र आलं. ऑपरेशनची तारीख नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार. बॅग भरली. मंगळवारी सकाळी सातला फोन: सॉरी, इंटेन्सिव्ह केअरमध्ये बेड नाही. अनिल अंघोळ करून, खास साबणानं छाती घासून, उपाशी बसलेला. फोन ठेवून म्हणाला, "मग पोहे कर." मी केले. कांदा चिरताना जे रडायचं ते रडून घेतलं. नवी तारीख मिळाली, महिन्यातल्या शेवटच्या शुक्रवारनंतरचा सोमवार.

त्या गुरुवारी सेंटरवर गेले तर वही कॉरिडॉरमध्ये, खिडकीपाशी स्टँडवर उघडी ठेवलेली. वरती मथळा आयरिशमध्ये, मला न कळणारा. खाली काळ्या शाईनं, खोदून काढल्यासारखी नावं. रस्ते खणणाऱ्या माणसाचं अक्षर एवढं देखणं असेल असं वाटलं नव्हतं. पानाच्या मध्यावर अनिल कौशिक. मला इतकं छान वाटलं की मी फोनवर फोटो काढून सईला पाठवला. सई आमची मुलगी, ब्रिस्टलला विमानाच्या पंखांचं काहीतरी करते. खाली लिहिलं, बाबांसाठी प्रार्थना.

पाच मिनिटांत तिचा फोन. "आई, तू कुठे आहेस? बसलीयेस का?"

"जेवतेय. का?"

"आई, तो बुक मेलेल्या लोकांचा असतो. माझी फ्लॅटमेट आयरिश आहे ना, तिची फॅमिली पण करते. नोव्हेंबरमध्ये ते लोक त्यांच्या डेड लोकांची नाव देतात. तू बाबाचा नाव का दिला?"

समोरच्या ताटलीत बटाटा होता. वर पोरींचे बूट थडथडत होते. मी म्हटलं, "बरं. ठेवते," आणि फोन ठेवला. बटाटा पूर्ण खाल्ला. त्याची चव आजही सांगता येईल.

"अगं, पण बाबा तर जोशी आहे ना? अनिल कौशिक असा कोणी नाहीच," असा मग तिचा मेसेज आला. पोरीनं जीव तोडून समजूत घातली. पण गोत्र घालून नाव दिलं की ते चुकून दुसऱ्याला जात नाही, त्यासाठीच तर गोत्र विचारतात. मी पत्त्यासकट नाव घातलं होतं.

त्यानंतरचे सात दिवस मी कोणाला सांगू शकणार नाही असे काढले. अनिल खुर्चीत डुलकी घ्यायचा, तोंड जरा उघडं, आणि मी दारात उभी राहून त्याचा स्वेटर वरखाली होतोय का बघायची. डोक्यात एकच: सोमवारी त्याची छाती उघडणार, आणि त्याआधी शुक्रवारी भरल्या हॉलमध्ये त्याचं नाव मेलेल्यांत वाचलं जाणार. आणि ते मी घातलंय. स्वतःच्या हातानं, वळणदार अक्षरात.

पुढच्या गुरुवारी, वाचनाच्या आदल्या दिवशी, मी पर्समध्ये व्हाइटनरची बाटली टाकून सेंटरवर गेले. सगळे जेवायला बसले तशी टॉयलेटला जाते म्हणून उठले. कॉरिडॉर रिकामा. ख्रिसमस ट्री नुकतंच आणून आडवं टाकलेलं, पाइनचा ओला वास. वही स्टँडवर. मी पान काढलं, बाटलीचं झाकण फिरवलं, ब्रश बाहेर काढला. ब्रशच्या टोकावर पांढरा थेंब. खाली अनिलचं नाव.

आणि हात पुढे जाईना. बघा ना, कसा जाणार? नवऱ्याचं नाव माझ्या हातानं पुसायचं? पुसणं म्हणजे आपल्यात काय असतं ते कोणाला सांगायला हवं का? माझी आजी पाटीवरचं नावसुद्धा कोरडं पुसू द्यायची नाही, आधी पाण्याचं बोट फिरव म्हणायची. ठेवलं तर मेलेल्यांत, पुसलं तर मीच पुसलं. मी तशीच उभी राहिले. थेंब ब्रशवर वाळला. वर क्लास सुरू झाला होता.

"मिसेस जोशी," मागून आवाज आला. "त्या वहीत आजवर कोणी खाडाखोड केलेली नाही."

कॉन. हातात चहाचा कप. मी बाटली लपवलीसुद्धा नाही. सगळं सांगितलं, देवळातले गुरुजी, अभिषेक, गोत्र, काडी, सोमवार. माझं इंग्रजी एरवी चांगलं आहे, त्या दिवशी पार विस्कटलं. कॉननी मध्ये एकदाही तोडलं नाही. हसतील असं वाटत होतं. हसले नाहीत. खिडकीच्या कट्ट्यावर कप ठेवून नाव जवळून पाहिलं.

"म्हणजे हा माणूस जिवंत आहे."

"हो."

"नक्की? तुम्ही आज पाहिलंय त्याला?"

"सकाळी चहा दिलाय हो."

त्यांनी माझ्या हातातून बाटली घेऊन झाकण घट्ट फिरवलं. मला वाटलं रागावले. मग म्हणाले, "पुसायचं नाही. उद्या त्यांना घेऊन या. मी नाव वाचलं की त्यांनी उत्तर द्यायचं. शाळेत देतात तसं."

"असं चालतं?"

"चालत नाही असं कोण म्हणतं? आजवर कोणी दिलं नाही, एवढंच."

संध्याकाळी अनिलला सांगितलं. तो इतका हसला की धाप लागली आणि मला त्याची पाठ चोळावी लागली. "गोत्रासकट," तो म्हणत राहिला, "अगं, गोत्रासकट." धाप बसल्यावर मात्र डॉक्टर जागा झाला. "हे बघ, सोमवारी ऑपरेशन. उद्या दोनशे खोकणाऱ्या म्हाताऱ्यांत बसलो आणि सर्दी झाली तर परत कॅन्सल. पुढची तारीख जानेवारीत. तोवर ही झडप थांबेल याची गॅरंटी तू देतेस का? फार्मसिस्ट आहेस ना?"

बरोबरच होतं त्याचं. शंभर टक्के बरोबर. मी उठले. भांडी घासली, डिशवॉशर असताना हातानं घासली. नेलं तर सर्दीची भीती, नाही नेलं तर... त्या दुसऱ्या भीतीला शास्त्रात नाव नाही. तो खुर्चीतून माझ्या पाठीकडे बघत होता हे मला न वळता कळत होतं.

"मास्क लावून दाराजवळ बसेन," तो शेवटी म्हणाला. "त्या वहीत घातलंयस तू, तर मी बाहेर येतो. पण एक तास. आणि येताना फिश अँड चिप्स."

शुक्रवारी पाचलाच काळोख पडलेला, पाऊस बारीक. हॉलमध्ये खुर्च्या लावलेल्या, पुढच्या टेबलावर बॅटरीच्या मेणबत्त्या, कारण खऱ्या लावल्या की फायर अलार्म बोंबलतो. कॉन काळा सूट घालून उभे. वही पहिल्या पानापासून वाचायची असते, जुनी नावं आधी. नाव वाचायचं, थांबायचं, मग पुढचं. ते थांबणं चांगलं लांब होतं. मला वाटलं, वय झालंय, दम लागत असेल. नाव. शांतता. कोणीतरी नाक शिंकरायचं. नाव. शांतता. पहिल्या अर्ध्या तासात आम्ही अर्ध्या वहीपर्यंतही पोचलो नाही. अनिल दाराजवळच्या खुर्चीत, टोपी मांडीवर, डोळे मिटलेले. त्याच्या कपाळावर घाम होता आणि हॉल तर गारठलेला.

या वर्षीचं पान सगळ्यात शेवटी. कॉननी ते उलटलं तेव्हा अनिलनं माझा दंड दाबला. "लघवी होण्याच्या गोळ्या," तो कुजबुजला. "थांबणं शक्य नाही." आणि उठून गेला.

त्या पानावर त्याच्या आधी आठ नावं होती. मी फोटोवरून पाठ केली होती. आठ. माझी मान दाराकडे. सात. सहा. कॉरिडॉरमध्ये हँड ड्रायर सुरू झाल्याचा आवाज आला. डॉक्टर माणूस, हात नीट वाळवल्याशिवाय यायचा नाही. चार. तीन. ब्रीडा माझ्याकडे बघत होती, तिला कॉननी सांगितलं असावं. दोन. एक.

"अनिल कौशिक," कॉननी वाचलं.

शांतता. त्याची खुर्ची रिकामी, तिच्यावर टोपी. कॉन थांबले. नेहमीएवढे थांबले, मग त्याहून जास्त. पुढच्या रांगेतली डोकी वर झाली. मी उठायला गेले, काय म्हणणार होते देव जाणे, आणि कॉननी मान वर न करता बोट त्या नावावरच ठेवलं. पुढे सरकवलं नाही.

दार ढकललं गेलं. "हजर," अनिल म्हणाला. अगदी पुण्याच्या शाळेतल्यासारखा, मराठीतच, मास्क हनुवटीवर, हात अजून ओले.

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं निदान एखादं तरी हसेल. कॉननी चष्मा काढला. पुसायला रुमाल काढला आणि चष्मा पुसलाच नाही, रुमाल हातात धरून दाराकडे पाहत राहिले. कितीतरी वेळ. शेवटी ब्रीडा हळूच म्हणाली, "कॉन, पुढे घे." त्यांनी चष्मा लावला आणि पुढचं नाव वाचलं.

सोमवार आला. सर्दी झाली नाही. साडेसहा तास मी एका निळ्या खुर्चीत बसले होते, सई शेजारी, ब्रिस्टलहून पहाटेच्या ट्रेननं आलेली. तिनं माझा हात सोडला नाही. संध्याकाळी सर्जन बाहेर आले आणि "ऑल वेल" म्हणाले. सई तिथेच फरशीवर बसली. मला रडू आलं नाही, भूक लागली.

डिसेंबर घरातच गेला. अनिल खोकताना छातीशी उशी धरायचा आणि माझ्यावर खेकसायचा, म्हणजे बरा होत होता. सेंटरची ख्रिसमसची नाटकं, मुलांचे नाच, लॉटरी, सगळं ब्रीडाच्या फोनवरून ऐकलं. मग सहा जानेवारी. त्या दिवशी यांच्यात बायकांचा ख्रिसमस असतो. बायकांनी बसायचं आणि पुरुषांनी रांधायचं, वाढायचं, भांडी घासायची. तेवढ्यासाठी अनिलनं उशी घेऊन यायचा हट्ट धरला. एका हातात उशी, दुसऱ्या हातात सँडविचची प्लेट घेऊन टेबलाटेबलांतून फिरला. बायकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

कॉननी माझ्यासाठी चहा आणला आणि समोर बसले. चहात साखर जरा जास्तच होती. काही न विचारता त्यांनी सांगायला सुरुवात केली.

त्यांचा मोठा भाऊ मायकल. दोघं एकाच बोटीनं आले, एकाच खोलीत राहिले, एकाच खड्ड्यात खणत होते. एका ऑक्टोबरात मायकल कॉव्हेंट्रीला काम आहे म्हणून बॅग घेऊन गेला. पत्र आलं नाही. त्या काळी अशी कितीतरी माणसं जायची, नाव बदलून राहायची, पडायची, कोण विचारणार? कॉन कॉव्हेंट्रीला तीनदा जाऊन आले. गावाकडे आईनं सात वर्षं वाट पाहिली आणि मग मेलेल्यांच्या यादीत नाव घालायला सांगितलं.

"मी घातलं नसतं," कॉन म्हणाले. "पण आईनं सांगितलं. मग वही माझ्याकडे आली. तेव्हापासून त्याच्या नावानंतर मी थांबतो. एकाच नावाला थांबलो असतो तर लोकांना कळलं असतं. म्हणून सगळ्यांना थांबतो."

मी कपाकडे बघत होते. वर बघवत नव्हतं.

"इतक्या वर्षांत त्या शांततेत कोणी बोललं नव्हतं," ते म्हणाले. "तुमचा नवरा बोलला. म्हणजे तसं होऊ शकतं."

तेव्हापासून दर नोव्हेंबरात अनिलला जावं लागतं. वहीत खाडाखोड नाही, त्यामुळे नाव आहे तिथेच आहे आणि दरवर्षी वाचलं जातं. तो "हजर" म्हणतो. आता सेंटरमधले म्हातारेही म्हणायला शिकलेत, कार पार्कमध्ये त्याला पाहून "हाजर" म्हणून हात करतात. तो आता जिना एका दमात चढतो. सईचा फोटो पाहायला थांबत नाही, याचं मला उगाच वाईट वाटतं.

आज अभ्रा सोडला. चार वाजलेत, बाहेर अंधारून आलंय, किटलीत पाणी ठेवलंय. अनिल टेबलाच्या त्या टोकाला पेपर घेऊन बसला आहे. मला आयरिश आडनावं धड उच्चारता येत नाहीत, म्हणून दुपारी फोनवर ब्रीडाकडून कागदावर देवनागरीत लिहून घेतली आहेत, म्हणजे मी स्पेलिंग सांगितलं, ती बोलली आणि मी लिहिली. मोठ्यांदा वाचायला लागले. नाव, थांबणं, नाव. पहिलं पान झालं, दुसरं झालं. थांबणं जमत नव्हतं, तीन सेकंदांत माझी जीभ पुढे पळत होती. कॉन कसे थांबायचे, इतकी वर्षं?

पानं उलटत अनिलच्या पानावर आले. "अनिल कौशिक."

"हजर," तो पेपरमधूनच म्हणाला. मग पेपर खाली केला. "एक गाळलंस तू. दुसऱ्या पानावर."

"नाही गाळलं."

"गाळलंस. दरवर्षी ऐकतो मी. मायकल."

गाळलं होतं. डोळ्यांनी दिसलं होतं आणि तोंडानं गाळलं होतं. कॉन पहिल्या रांगेत बसणार, ताठ, नुसत्या कडा दिसणारे डोळे घेऊन, आणि ते नाव माझ्या तोंडून ऐकणार. त्या नावापुढे किती थांबायचं हे मला कोणी सांगितलेलं नाही. कमी थांबले तर मीच त्याला मारला, असं वाटणार.

"वाच," अनिल म्हणाला. "मी आहे इथे."

मी दुसरं पान काढलं. शाई तपकिरी झालीय, पण एकही रेघ हललेली नाही. "मायकल मॅकहेल," मी वाचलं.

किटली उकळली आणि खटकन बंद झाली. बाहेरून ट्रॅम गेली. अनिलनं पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, जितकं बसवेल तितकं. मग मी पुढचं नाव घेतलं.